बाईंच्या नावाचा सौदा

आयुष्यात मी एकच मोठा सौदा केला, आणि तोही स्वतःच्या नावाने नाही. पत्नीच्या नावाने केला. तेव्हा तिला जाऊन सव्वादोन वर्षे झाली होती.

विकले ते एक नाव. इंटरनेटवरच्या पानाला जे नाव असते, ज्याला डोमेन म्हणतात, ते. वर्षाला थोडेसे पैसे भरून ते आपल्याकडे राखून ठेवायचे असते. भरले नाहीत तर सुटते आणि दुसरा कुणीही उचलतो. ते कोणते, हे इथे लिहीत नाही. आता ते मसाल्याच्या पाकिटांवर छापलेले असते आणि मी लिहिले तर उगाच जाहिरात होईल. स्वयंपाकघरातल्या एका लहानशा भांड्याचे ते नाव आहे आणि त्यापुढे डॉट कॉम, एवढे पुरे.

पत्नी शाळेत शास्त्र शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिने ते पान सुरू केले. लोकांनी स्वयंपाकातले प्रश्न पाठवायचे, तिने उत्तरे द्यायची. पाककृती द्यायच्या नाहीत, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवले. "कृती सगळीकडे मिळतात," ती म्हणाली, "बिघडल्यावर मात्र कुणी जवळ नसतं." पानाला नाव काय द्यावे म्हणून मी तीन नावे काढून दिली होती. तिन्ही संस्कृत. तिने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "अहो, हे उच्चारायलाच आधी जेवावं लागेल." मग तिने ओट्याकडे पाहिले आणि समोर जे भांडे होते त्याचे नाव दिले.

तिची उत्तरे दोन ओळींची असत. कुणी विचारावे, बाई, चकल्या तेलात विरघळल्या. हिने लिहावे, "मोहन जास्त झाले. पुढच्या वेळी मोजा." कुणी विचारावे, इडलीचे पीठ फुगत नाही. "थंडी आहे. उबेला ठेवा आणि दर तासाला झाकण उघडून बघू नका." सगळे तिला बाईच म्हणत, आणि प्रत्येक उत्तराखाली 'तुमची, बाई' असे आपोआप उमटेल अशी सोय तिने करून घेतली होती. दर वेळी टाइप करण्यात वेळ जातो म्हणून. ही सोय पुढे मला भोवली.

ती गेली आणि चौदाव्या दिवशी मी तिचा कॉम्प्युटर उघडला. बंद करायलाच उघडला होता. तर एक प्रश्न येऊन पडलेला. 'बाई, लिंबाच्या लोणच्यावर पांढरे काहीतरी आले आहे. टाकून देऊ की चालेल? घाई आहे.' कुणाचे तरी लोणचे वाट पाहत होते. तिच्या वह्या तिथेच होत्या, अकरा, विषयवार लावलेल्या. मी तेहतीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. वही काढून पान शोधणे एवढे एकच काम मला येते. उत्तर सापडले, ते उतरवले आणि पाठवले. खाली आपोआप उमटले, तुमची, बाई.

पुढच्या उत्तरात खरे काय ते सांगू, असे ठरवले. पुढचा प्रश्न गुळाच्या पोळीचा होता. तिळगुळाच्या आदल्या दिवशी, पोळी फुटते म्हणून रडकुंडीला आलेल्या बाईला, सारण सैल झाले असेल आणि शिवाय बाई वारल्या, असे कसे लिहिणार? त्याच्या पुढचा प्रश्न मेतकुटाचा होता. तीही जागा नव्हे. अशी योग्य जागा शोधता शोधता दोन वर्षे गेली. दर वर्षी नावाचे पैसे भरत गेलो. तिचा फोटो मी भिंतीवर लावलेला नव्हता. चांगली चौकट मिळत नाही, असे विचारणाऱ्यांना सांगत असे. कसबा पेठेत राहून चौकट मिळत नाही असे म्हणणाऱ्या माणसावर लोकांनी विश्वास ठेवला, की ठेवल्यासारखे दाखवले, कोण जाणे.

मग तो मेल आला. 'आदरणीय मॅडम' असा मायना. लोणी काळभोरला मसाले आणि चटण्या तयार करणारे एक गृहस्थ. आतापर्यंत आसपासच्या दुकानांत माल देत होते, आता शहरभर घरपोच विकायचा होता आणि त्यासाठी त्यांना हे नाव हवे होते. पंचवीस हजार रुपये द्यायला ते तयार होते.

मला विकायचे नव्हते. नाव विकायचे म्हणजे पान बंद करायचे, आणि पान बंद करायचे म्हणजे का, ते लोकांना सांगायचे. ते मी दोन वर्षे टाळत होतो. तेव्हा नकार कळवायचा, एवढेच. पण नकार सभ्य हवा. 'आपला प्रस्ताव' म्हणावे की 'आपली विचारणा'? 'खेद' म्हणावे, तर खेद खरोखर होता का? चौथ्या मसुद्यावर होतो तेव्हा नऊ दिवस झाले होते, आणि त्यांचा दुसरा मेल आला. 'मॅडम, आपण विचार करीत असाल. आम्ही चाळीस देतो.'

मी नुसता बसून राहिलो होतो आणि पंधरा हजार वाढले होते.

आता आमच्या घरातला व्यवहार सांगायला हवा. मंडईत पत्नी मला दहा पावले मागे उभे करत असे, पिशव्या घेऊन. "तुमचा चेहरा बघून वांगी महाग होतात," ती म्हणायची. खरेच होते ते. विक्रेत्याने भाव सांगितला की मला तो पटलेला असे, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असे. एकदा तिने पाच रुपये कमी करवून घेतले आणि मी मागाहून त्या माणसाची माफी मागितली. त्यानंतर दहाची पंधरा पावले झाली. ती स्वतः एक शब्द जास्त बोलत नसे. वांगे उचलायची, बघायची, खाली ठेवायची आणि पुढच्या गाळ्याकडे वळायची. मागून हाक येईच.

इथेही हाक आली होती. माझ्या आयुष्यातली पहिली. ती माझ्या आळशी लेखणीला आली होती, हे मला कळत होते; तरी जरा ताठ बसलो. नकाराचे चारही मसुदे बाजूला ठेवले आणि लिहिले, 'हा आकडा बरोबर वाटत नाही. पुन्हा मोजा.' खाली उमटले, तुमची, बाई. पाठवून दिल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यालो. बासष्टाव्या वर्षी मी कुणाला तरी उद्धटपणे बोललो होतो.

चार दिवसांनी साठ आले.

यानंतरचा महिना कसा गेला ते सांगायला लाज वाटते. मला चटक लागली. विकायचे नव्हतेच; भाव करायचा होता. सकाळी चहा झाला की मी तिच्या टेबलाशी बसायचो आणि ती काय म्हणाली असती याचा विचार करायचो. 'साठ हा पुढे जाण्याचा आकडा आहे, थांबण्याचा नाही.' हे वाक्य मला सुचलेच नसते. ते तिचे होते. निदान तिच्या खुर्चीचे तरी असावे. ते गृहस्थ लिहीत, 'मॅडम, छोटा उद्योग आहे, समजून घ्या.' मी लिही, 'छोटा उद्योग आहे म्हणूनच नाव मोठे हवे.' त्यांनी नव्वद केले. मी घरात एकटाच हसलो. नंतर लक्षात आले, मी तिच्याकडे बघून हसलो होतो. म्हणजे ती जिथे बसायची तिकडे.

आता थांबायला हवे, असे वाटले. मंडईत कधी कधी एखादी वस्तू मुळीच घ्यायची नसली तर पत्नी अशक्य भाव करायची, म्हणजे समोरचाच नाही म्हणे आणि कुणाचे मन दुखत नसे. तोच उपाय करायचे ठरवले. एका मंगळवारी लिहिले, 'दोन लाख. कमी नाही.' डोळे मिटून पाठवले.

अकरा मिनिटांत उत्तर आले. 'मंजूर, मॅडम. रविवारी करार घेऊन आम्ही दोघे पानावरच्या पत्त्यावर आपल्या घरी येतो. आपले आधार कार्ड आणि पॅन तयार ठेवा. माझ्या मिसेसना आपल्याला भेटायची फार इच्छा आहे.'

व्यवहार करणारी बाई कशी शब्द देते ते मी शिकलो होतो. शब्द दिल्यावर काय करायचे ते शिकलो नव्हतो. बुधवारपासून खुलाशाचे पत्र लिहायला घेतले. गुरुवारी ते 'आपणांस एक गोष्ट कळविणे' इथपर्यंत आले. शुक्रवारी मी 'कळविणे' बदलून 'सांगणे' केले. शनिवारी घर झाडले. रविवारी सकाळी पोहे करायला घेतले, कारण पाहुणे येणार आणि घरात पोहे नाहीत हे तिला चालले नसते. पोहे कसे भिजवावेत याचे उत्तर मी स्वतः त्या पानावर दोनदा दिलेले होते. त्याप्रमाणे भिजवले. त्यांचा गोळा झाला.

साडेदहाला ते आले. गाडी नदीकाठच्या रस्त्याला लावून तांबट आळीतून घराचा क्रमांक विचारत विचारत. दोघेही चाळिशीतले. गृहस्थांच्या हातात कागदांची फाइल, त्यांच्या पत्नीच्या हातात कापडी पिशवी. तिने चप्पल काढता काढताच घरात नजर फिरवली.

"बाई कुठायत? आधी त्यांची ओटी भरते, मग बाकीचं बोलू." तिने पिशवीतून नारळ काढला, खण काढला, एक हिरवी साडी काढली. हळदकुंकवाची डबीसुद्धा घरून आणली होती.

पत्राचा मसुदा माझ्या खिशात होता. पण नारळ हातात घेऊन उभ्या असलेल्या बाईला पत्र काय वाचून दाखवणार?

"त्या गेल्या," मी म्हणालो. "सव्वादोन वर्षं झाली."

ती हळूच खुर्चीवर बसली. नारळ मांडीवर. गृहस्थ फाइल छातीशी धरून उभेच.

"मग मंगळवारी दोन लाख कुणी लिहिलं?" तिने विचारले.

"मी."

"आन् 'पुन्हा मोजा'?"

"तेही मीच."

गृहस्थ बायकोकडे वळले. "आणि मी महिनाभर तुला सांगतोय, बाई लई कडक हाय!"

"मला वाटलंच हुतं काहीतरी," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चांगला ठणठणीत होता. "दोन वर्षांपासनं उत्तरं लांबायला लागली. बाई दोन ओळीत सांगायच्या. मी मागं विचारलं, धन्याला किडे का होतात. तर तुम्ही आधी धने कुठल्या मुलखातनं आले, ते सांगितलंत."

"ते संदर्भ म्हणून..."

"तवर किड्यांनी धने खाऊन टाकले, काका."

धन्यांच्या त्या उत्तरावर मी दोन दुपारी घालवल्या होत्या आणि मनातून खूशही होतो.

"मला वाटलं, बाई आजारी असतील," ती म्हणाली. "कुणीतरी त्यांच्या उशाशी बसून लिहून घेत असंल. म्हणून तर आज आले. नाहीतर करार काय, हे एकटे पण करत्यात."

मी पोहे आणले. दुसरे काही करण्यासारखे नव्हते. गृहस्थांनी चमचा घातला, तो उभा राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिले, बायकोने डोळ्यांनी दटावले, आणि त्यांनी मुकाट्याने खायला सुरुवात केली. मी म्हणालो, व्यवहार मोडला असे समजा; मी तुम्हाला फसवले आहे. फार तर नाव तुमच्या पहिल्या आकड्याला घ्या, पंचवीसला.

"न्हाई," ती म्हणाली. "दोन लाख ठरलंय."

"पण तो आकडा माझा होता."

"बाईंच्या नावानं सांगितला न्हवं? मग तोच. आकड्याचं सोडा. माझं वेगळंच हाय." तिने कॉम्प्युटरकडे बोट केले. पान उघडेच होते. त्यांना दाखवायला म्हणून मी सकाळीच उघडून ठेवले होते. "तिथं बाई अजून जित्या हायेत. रोज कोणतरी त्यांना विचारतंय. तसंच ठेवून वर आमच्या मसाल्याची पाटी लावायची? मला न्हाई जमणार. आधी लोकांना सांगा. मग नाव घेऊ."

"सांगतो," मी म्हणालो. "फक्त थोडा वेळ लागेल."

"काका," गृहस्थ पोह्यांमधून वर पाहत म्हणाले, "तुमचा थोडा म्हणजे किती, ते आत्ताच सांगा. मागच्या थोड्याला आमचे पंधरा हजार गेले."

मी आठ दिवस म्हणालो. निघताना ती उठली आणि भिंतींकडे पाहू लागली. "फोटो?" मी चौकटीचे कारण सांगायला तोंड उघडले आणि मिटले. फोटो पुस्तकांच्या कपाटात होता, तिसऱ्या कप्प्यात, दोन जाड कोशांच्या मागे. पण ते सांगायचे राहून गेले. ती म्हणाली, "अहेव गेल्या ना? मग ओटी भरायला चालती." तिने इकडेतिकडे पाहिले आणि सरळ कॉम्प्युटरपुढे गेली. खण आणि नारळ पडद्यासमोर ठेवला. साडी घडी न मोडता शेजारी. हळदकुंकू बोटाच्या टोकावर घेऊन, बटणांवर सांडणार नाही अशा बेताने, पडद्याच्या खालच्या कडेला लावले आणि नमस्कार केला. गृहस्थांनीही फाइल बगलेत धरून केला. मग मीही केला. तेरा दिवसांत जे माझ्या हातून नीट झाले नव्हते ते असे, मसाल्याच्या व्यापाऱ्यांबरोबर झाले.

निवेदन लिहायला घेतले. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात पान कसे सुरू झाले, निवृत्तीनंतर माणसाने काय करावे आणि एक परिच्छेद भांड्यांच्या इतिहासावर होता. दुसऱ्या दिवशी इतिहास काढला. तिसऱ्या दिवशी निवृत्ती. सातव्या दिवशी दुपारी दोन वाक्ये उरली. 'बाई सव्वादोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतरची उत्तरे त्यांच्या पतीने त्यांच्या वह्यांवरून दिली आहेत आणि त्यातल्या चुका पतीच्या आहेत.' माझ्या स्वतःच्या शब्दांत यापेक्षा लहान मी तोपर्यंत काही लिहिलेले नव्हते. पानावर चढवले आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

दहा मिनिटांत लोणी काळभोरहून गृहस्थांचा फोन आला. "काका, चांगलं लिहिलंय. पण खाली सही बघा."

पाहिले. बाई गेल्या, असे लिहिले होते आणि त्याखाली, तुमची, बाई.

ते काढायचे कसे, हे मला माहीत नव्हते. त्यांनी फोनवरून सांगितले, इथे दाबा, तिथे दाबा, आता ती ओळ निवडा, आता पुसा. पुसायच्या बटणावर बोट ठेवून मी बराच वेळ थांबलो असणार, कारण ते म्हणाले, "काका, हायेत का?" मी म्हणालो, आहे. आणि पुसली.

दोन दिवसांत तीसेक उत्तरे आली. बरीचशी साधी, वाईट वाटले, अशी. एका बाईंनी लिहिले, 'कल्पना होती. पण तुम्ही एवढ्या मनापासून उत्तरे देत होतात, म्हणून विचारत राहिले. खरे सांगायचे तर पुरणपोळी मला कधीच जमायला लागली आहे.' त्यांचे गेल्या दोन वर्षांतले पुरणपोळीचे सगळे प्रश्न मी काढून पाहिले. सात होते. सातही वेळा मी त्यांना हरभरा डाळ किती वेळ भिजवावी ते सांगितले होते, आणि त्यांनी सातही वेळा आभार मानले होते.

दरम्यान नाव बदलण्याचे कागद चालू होते. ज्या कंपनीकडे नावाची नोंद होती तिने मृत्यूचा दाखला मागितला. आम्हाला मूलबाळ नाही, वारस मी एकटाच. तरी तसे असल्याचे प्रतिज्ञापत्र लागले. ते सगळे पाठवले. ठरलेली रक्कम आली. नाव त्यांच्याकडे जायच्या आदल्या दिवशी पानावर एक शेवटचा मेल आला. शहरातल्याच एका गृहस्थांचा.

'निवेदन वाचले. कळवल्याबद्दल आभार. दही तारेसारखे ओढले जाते, याचे कारण काय, असे मी दहा तारखेला विचारले होते. उत्तर अद्याप आलेले नाही.'

वह्या काढल्या. दूध-दही ही सहावी वही. विरजण कमी पडणे होते, जास्त पडणे होते, थंडीतले दही होते, तार नव्हती. इतर वह्याही चाळल्या. दुपार संपत आली. दह्याविषयी चार गोष्टी मला पुस्तकांतून माहीत होत्या आणि त्या मांडून एक बऱ्यापैकी उत्तर तयार झाले असते. लिहायला घेतले, दोन ओळी झाल्या, त्या पुसल्या.

मग लिहिले, 'मला माहीत नाही. माझ्या पत्नीला माहीत असते.' खाली काही उमटले नाही. मी माझे नाव लिहिले आणि पाठवले.

उत्तर लगेच आले. 'ठीक आहे. माझ्याही पत्नीला माहीत असे.'

दुसऱ्या दिवशी नाव गेले. दह्याचे विचारणाऱ्या त्या गृहस्थांचा पत्ता माझ्याकडे आहे, पण त्यांना लिहायच्या पत्राचा मजकूर अजून ठरायचा आहे. मी दही बाहेरून आणतो.